ढब्बू दाराशी का बसतो

झाशी, २२ मार्च २०१२

चि. इंदू,

आशीर्वाद. मायना एवढाच लिहितो. लांबलचक मायना बघितला की तुझ्या कपाळावर आठ्या येतात आणि त्या मला इथून जबलपूरपर्यंत दिसतात.

तुझं कार्ड पोचलं. तेरा महिन्यांनी बापाला लिहिलंस आणि मोजून तीन वाक्यं लिहिलीस. 'ढब्बूला मला द्या. जूनच्या शेवटी न्यायला येईन. घरात येणार नाही, दारातूनच घेईन.' तेही उघडं कार्ड. पोस्टमनने ते वाचलेलं होतं, कारण हातात देताना तो माझ्याकडे न बघता शेजारच्या भिंतीकडे बघत होता. कॉलेजात मुलांना शिकवतेस, तुला एक बंद पाकीट मिळालं नाही का?

माझं उत्तर नाही असं आहे. ढब्बूला तूच आणलंस, हे खरं. पाच वर्षांपूर्वी त्या मोबाइलच्या जाहिरातीपायी ज्याला त्याला असा चपट्या नाकाचा कुत्रा हवा होता, आणि तू हा टोपलीत घालून गाडीतून घेऊन आलीस. पण आणलास तो तुझ्या आईसाठी. आई गेली म्हणून दिलेली वस्तू परत मागायची, ही रीत आपल्या घरातली नाही. शिवाय तो गेल्यावर या घरात तिचं राहील काय? साड्या तू वाटून टाकल्यास.

आणि तो बरा असता तर एक वेळ विचार केला असता. तो बरा नाही. अनुसूया गेल्यापासून खचला आहे. चार पावलं चालला की घशातून घरघर ऐकू येते, जिना चढला की जीभ हातभर बाहेर. घोरणं तर पहिल्यापासूनचं. तुझी आई म्हणायची, माझ्या माहेरचे नानासाहेब काका या रूपात राहायला आलेत. पण आता जागेपणीही तसाच आवाज येतो, वर खोकला.

मला विचारशील तर हे दुःखच आहे. पुरावा सांगतो. रोज दिवेलागणीला मी धुपाची तयारी करायला लागलो की हा उठतो, नखं वाजवत बाहेरच्या दाराशी जातो आणि तिथे बसून राहतो. दाराकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, पुन्हा दाराकडे. तिची वाट बघतो, दुसरं काय? त्याला एकटं वाटू नये म्हणून मी त्याला उचलून आत आणतो आणि आरती होईपर्यंत देवघरात माझ्याजवळ बांधून ठेवतो.

उद्या पाडवा. कडुलिंब फुलाबाईने आणून ठेवला आहे. गुढी मी एकटा उभारीन, मला येते.

अण्णा


झाशी, १७ एप्रिल २०१२

चि. इंदू,

तुझं उत्तर नाही. बरं. मला लिहायची सवय आहे, सिंचाई विभागात छत्तीस वर्षं ज्यांची उत्तरं आली नाहीत अशीच पत्रं लिहिली.

ढब्बूला डॉक्टरकडे नेलं. त्याचं श्रेय फुलाबाईला. भांडी घासताना मान वर करून म्हणाली, "काए दद्दा, जौ तौ बैठे-बैठे हाँफ रओ।" मी म्हटलं, उन्हाळा आहे, सगळेच धापा टाकतात. ती म्हणाली, "हम तौ नईं हाँफ रए।" या बाईला काम सोडून सगळं दिसतं. पण मग मी चष्मा लावून नीट बघितलं, आणि खरंच, नुसता पडलेला असताना त्याचं पोट भात्यासारखं चाललं होतं.

सिविल लाइंसमध्ये नवा दवाखाना झाला आहे. डॉक्टर निरंजन म्हणून बाई आहेत, मऊरानीपूरच्या. माझी नकाशांची लाकडी पट्टी वयाने त्यांच्याहून मोठी असेल. मी विचारलं, "बेटी, बड़े डॉक्टर कब आएँगे?" त्या म्हणाल्या, "आ गए, दादाजी। बैठिए।" मी बसलो.

बाईंनी बरंच सांगितलं, आणि मला कबूल करायला हवं की मुद्देसूद सांगितलं. या जातीचं तोंड माणसांनी हौसेपायी आखूड करत आणलं, पण आतला ऐवज तेवढाच राहिला. नाकपुड्या म्हणजे नुसत्या चिरा, आणि टाळूचा मऊ भाग लांब होऊन घशात लोंबतो. म्हणजे धरण तेवढंच आणि पाणी सोडायची मोरी अर्धी. मोरी लहान असली की ओढ वाढते, आणि ओढ वाढली की मोरीचे काठ आत खचतात, मग ती आणखी लहान होते. हे मला कोणी शिकवायला नको. ते घोरणं ऐकून आपण पाच वर्षं हसत होतो. बाई म्हणाल्या, "खर्राटे नहीं हैं ये, दादाजी। मेहनत है।"

गळ्यातला पट्टा त्यांनी तिथेच काढून टाकला आणि छातीभोवती बांधायचा दिला. वजन साडेअकरा किलो भरलं, हवं आठ. मी सांगितलं, अर्धी रोटी खातो. तुला खरं सांगतो, माझ्या ताटातल्या दोन पोळ्या, वर तूप, आणि गुरुवारी शिरा. त्याने तोंड वर करून बघितलं की माझा हात आपोआप जातो. तुझ्या आईने त्याला कधी ताटातलं दिलं नाही.

आणि एक काम दिलं आहे. तो गाढ झोपला की बरगडी किती वेळा वर येते ते घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजायचं. तिसाच्या आत असलं तर ठीक. रोज त्याहून जास्त येत असलं तर गोष्ट चांगली नाही. ओठ उचलून हिरड्याही बघायच्या. गुलाबी असल्या तर बरं, पांढुरक्या किंवा निळसर दिसल्या तर वाट बघत बसायचं नाही, तडक घेऊन यायचं. मी काल मोजलं. बेचाळीस. तीनदा मोजलं, बेचाळीसच.

बाईंनी विचारलं, "घर में धुआँ तो नहीं होता? बीड़ी-सिगरेट, चूल्हा, मच्छर की कॉइल?" मी म्हटलं, "डॉक्टर साहिबा, हमारे यहाँ सात पीढ़ी में किसी ने बीड़ी नहीं छुई।" त्यांनी कागदावर 'नहीं' असं लिहिलं.

दुःखाचं मी सांगितलं, दाराशी बसतो तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, होऊ शकतं. हे काही पुरेसं उत्तर नाही.

अण्णा


झाशी, १९ मे २०१२

चि. इंदू,

आधी सांगतो, तो जिवंत आहे. मग बाकीचं वाच.

परवा पारा सेहेचाळीसवर गेला. चारला वीज गेली, कूलर बंद. तुला आठवत असेल, आपल्या घरात सगळ्यात गार जागा म्हणजे देवघराची फरशी. मी ढब्बूला तिथे निजवलं, लू आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली, आणि माझा पंचा ओला करून त्याच्या अंगाभोवती नीट गुंडाळला. तुला तापात गुंडाळायचो तसा. मग दिवेलागणीची वेळ झाली. मी धूप केला. त्याच्या प्रकृतीसाठी महिनाभर मी गुग्गुळ थोडा जास्तच घालत होतो.

तो पंच्यासकट उठला. दाराकडे निघाला. दोन पावलं गेला आणि कुशीवर पडला. मी ओठ उचलून बघितलं, जांभळाच्या डागासारख्या हिरड्या. मी पायांत चप्पलही घातली नाही. मानिक चौकापर्यंत त्याला दोन्ही हातांवर घेऊन पळालो. एकाहत्तराव्या वर्षी मी पळू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. तिथे एका ऑटोवाल्याने माझं तोंड बघून आतली सवारी उतरवली.

डॉक्टर बाईंनी पहिलं काम केलं ते पंचा ओढून काढायचं. अंगावर साधं पाणी ओतलं, पंखा समोर आणला, नाकावर ऑक्सिजनची वाटी धरली. त्याचा श्वास जरा खाली आल्यावर म्हणाल्या, "गीला कपड़ा लपेट के छोड़ दिया तो भीतर की गरमी निकले कैसे? थोड़ी देर में वही कपड़ा कंबल हो गया। पानी डालिए, हवा लगने दीजिए, बस।" मी छत्तीस वर्षं पाण्याच्या खात्यात काढली आणि पाणी वाऱ्याशिवाय गारवा देत नाही एवढं मला सुचलं नाही.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. खाली वाकून त्याच्या मानेच्या केसांत नाक घातलं. म्हणाल्या, "ये गुग्गुल की महक है ना?"

इंदू, मला त्या वेळीसुद्धा अभिमान वाटला. मी म्हटलं, "जी हाँ। रोज़ शाम को। कंडे का अंगारा, शुद्ध गुग्गुल, राल और घी। खिड़कियाँ बंद करके तीनों कमरों में घुमाते हैं, पाव घंटा वैसे ही रहने देते हैं। हमारे पुरखे वाई से आए थे, तब से एक दिन नहीं चूका।"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "दादाजी, मैंने पूछा था, घर में धुआँ होता है क्या।"

मी म्हटलं, "वो धुआँ नहीं है। धूप है।"

मला हे खरंच तसंच वाटत होतं. मी खोटं बोललो नव्हतो. धूर म्हणजे चुलीचा, बिडीचा, कचऱ्याचा. देवापुढचा तो धूप. त्याने घर शुद्ध होतं, डास जातात, छाती मोकळी होते, हे मी जन्मल्यापासून ऐकत आलो. त्यांनी वाद घातला नाही. कागदावर ओळ लिहिली, खाली दोन रेघा मारल्या, आणि ढब्बूला दोन दिवस ठेवून घेतलं.

तो कागद माझ्या खिशात आहे. तो कागद आहे, आज्ञापत्र नाही.

अण्णा


झाशी, २३ मे २०१२

इंदू,

ढब्बू घरी आला. मधला मार्ग काढला आहे. धूप देवघरातच करतो, तो पुढच्या खोलीत राहतो, मधलं दार लावून घेतो. काल श्वास चव्वेचाळीस भरले.

तुला वाटत असेल, म्हातारा हट्टी आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे तू मला माझ्या तोंडावर म्हणाली होतीस. असेन मी हट्टी. माझ्या वडिलांनी प्लेगच्या गोष्टी सांगताना या धुपाचे गुण सांगितले. ते धुपाटणं झाशीची लढाई बघून आलेलं आहे. सगळं गाव जळत असताना आपल्या पणजोबांच्या आईने ते पदराखाली धरून विहिरीच्या आडोशाला काढलं, आणि त्या संध्याकाळीही धूप चुकवला नाही. हे सगळं एका कुत्र्याच्या खोकल्यासाठी सोडून द्यायचं?

आणि ज्या मुलीने ते धुपाटणं अंगणात आदळून त्याला पोचा आणला, तिने मला त्याबद्दल काही शिकवू नये. त्या संध्याकाळचं मी काढणार नव्हतो. तू काढायला लावलंस.

एवढंच.

अण्णा


झाशी, १० जून २०१२

चि. इंदू,

मागचं पत्र फाडून टाक. फाडलं असशीलच.

मी धूप बंद केला नाही. थांबवला. दोन्हींत फरक आहे, असं मी देवाला सांगितलं. पंधरा दिवसांचा प्रयोग, एवढ्याच बोलीवर. डॉक्टर बाईंचं खोटं ठरवायचं तर आकड्यांनी ठरवावं. मी चौकटींचा कागद काढला, आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर श्वास, आणि रोज दुपारी तो झोपला की मोजून टिंब देत गेलो. बाकी फारसं काही बदललं नाही, तेच ऊन, तोच कूलर. एक खिडकी मात्र उघडी ठेवायला शिकलो. खोली बंद करून कूलर लावला की नुसता दमट कोंडमारा होतो, हे बाईंनी सांगितलं होतं. पोळ्यांवर तूप नाही, आणि त्याला माझ्या ताटातलं काही नाही. तो माझ्यावर रुसला आहे.

चव्वेचाळीस. त्रेचाळीस. एकेचाळीस. मग अडतीस, मग पस्तीस. दहाव्या दिवशी एकतीस. कागदाची नक्कल तुला पाठवत आहे, बघ. इतकी सरळ उतरती रेघ मी कालव्याच्या नकाशातही काढली नसेल. काल अठ्ठावीस. खोकला जवळजवळ थांबला. नाकाची भोकं तेवढीच राहिली, टाळू तिथेच आहे, ते शस्त्रक्रियेशिवाय जाणार नाही. पण अर्धं दुखणं त्याच्या नाकात होतं आणि अर्धं माझ्या हातात.

मला वाटलं, चला, दुःखही ओसरलं असेल. पण दिवेलागणी झाली की तो अजून उठतो आणि दाराशी जाऊन बसतो. धुपाचा वासही नसताना. गेल्या आठवड्यात फुलाबाईला पगार न्यायचा होता म्हणून ती संध्याकाळी आली होती. मी तिला म्हटलं, देख, बाईसाहब की राह देख रहा है. ती हसली नाही. म्हणाली, "राह नईं देख रओ, दद्दा। बाहर जाबे की कै रओ। बाईसाब संजा बेरां रोज इयै लैकें चौंतरा पै बैठत हतीं।"

मी म्हटलं, ते मला माहीत आहे. खरंच माहीत होतं. मी आत आरती करायचो आणि ही ओट्यावर. मला वाटायचं, आळीतल्या बायकांशी गप्पा मारायला बसते. देवाधर्मात तिचं मन कमी, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं आहे, तुझ्यासमोरसुद्धा.

फुलाबाई म्हणाली, "कत हतीं, भीतर हम दोइयन कौ दम घुटत।"

आत आम्हा दोघांचाही जीव कोंडतो. मी विचारलं, तर मग मला का नाही सांगितलं? फुलाबाई भांड्यांकडे बघत म्हणाली, "कई हती, दद्दा। तुमने कई हती, आदत पर जैहै।"

तिने सांगितलं होतं. सवय होईल, असं मी म्हणालो होतो. मला ते आठवत नव्हतं, आणि आता आठवतं. लग्नाला दोन वर्षं झाली असतील. तिने पदर नाकाला लावला होता, मी हातात धुपाटणं घेऊन पुढे चाललो होतो, आणि मागे वळूनही न बघता मी ते म्हणालो. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही. छत्तीस-सदतीस वर्षं पाव तास बाहेर जाऊन बसली, आणि मग कुत्रा आल्यावर त्याला घेऊन बसली. तिला सवय झाली ती बाहेर जाण्याची.

आता पुढचं लिहितो. हे लिहायला चार दिवस लागले आणि तीन कागद फुकट गेले.

शेवटचे दोन महिने तिला उठवत नव्हतं. फुफ्फुसं कडक झाली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिची खाट मी देवघराशेजारच्या खोलीत आणली, आरती कानावर पडावी म्हणून. तिला लवकर बरं वाटावं म्हणून रोज दोन वेळा धूप केला, सकाळीही. तिला बाहेर जाता येत नव्हतं, इंदू. तू जबलपूरहून आलीस, पहिल्याच संध्याकाळी सगळ्या खिडक्या धाडधाड उघडल्यास, माझ्या हातातलं धुपाटणं हिसकून अंगणात आदळलंस. आणि मी ओरडलो, "या घरात धूप होईल. ज्याला सोसत नसेल त्याने बाहेर जावं."

मी ते तुला म्हणालो होतो. पण खाटेवरून तिने ऐकलं. ती माझ्याकडे बघत होती, ढब्बू दाराकडून बघतो तसं. तेव्हा मला ते बघणं कळलं नाही. आठ दिवसांनी ती गेली. तेरावं झाल्यावर तूही गेलीस, आणि मी सगळ्यांना सांगत राहिलो की मुलगी एका पितळी भांड्यावरून बापावर रुसली.

काल डॉक्टर बाईंकडे तो टिंबांचा कागद घेऊन गेलो. त्यांनी बघितला, खूश झाल्या, शाबासकी दिली. मी विचारलं, "डॉक्टर साहिबा, आदमी को भी ऐसा होता है क्या?" त्यांनी विचारलं, कोणाला झालं आहे? मी कागदाची घडी घालायला लागलो. त्यांना बहुतेक समजलं. म्हणाल्या, "मैं तो जानवरों की डॉक्टर हूँ, दादाजी।" मग ढब्बूच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "पर फेफड़ा तो फेफड़ा है।"

धुपाने ती गेली, असं मी लिहीत नाही. ते कोणाला सांगता येणार नाही. पण शेवटचे दोन महिने तिला श्वास घेणं सोपं झालं असतं. ते माझ्या हातात होतं, तू मला ते सांगितलंस, आणि तुझं खरं होतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. लहानपणी मला वाटायचं की ती म्हण कोणा मूर्खाची आहे.

मला वाईट वाटतं, इंदू. फार वाईट वाटतं. हे मी तिला सांगायला हवं होतं. ती नाही म्हणून तुला सांगतो आहे.

ढब्बूला ने. मी देईन.

अण्णा


झाशी, २७ जून २०१२

चि. इंदू,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या तू येशील तेव्हा हातात देईन, कारण समोर उभी राहिलीस की मी हवापाण्यावरच बोलेन.

तुझं दुसरं कार्ड मिळालं. 'अठ्ठावीसला सकाळी पोचते. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट आहे.' मागच्या कार्डात होतं ते तिसरं वाक्य, घरात येणार नाही हे, या वेळी लिहिलेलं नाहीस. जागा भरपूर होती. मी त्यावर काही विचारणार नाही. दार उघडं असेल, खिडक्याही.

आता ढब्बूचं. गार्डाच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीत त्याला अजिबात घालू देऊ नकोस. तू पहिल्या वर्गाचा कूपे घेतला आहेस असं समजतो. गळ्याला काही बांधायचं नाही, छातीचा पट्टा पिशवीत आहे. वजन साडेदहावर आलं आहे, अजून दोन-अडीच किलो उतरायला हवं. तो तोंड वर करून बघेल तेव्हा तू दुसरीकडे बघ, मला ते जमायला सत्तर वर्षं लागली. फिरायला सूर्य वर यायच्या आधी. पावसाळ्यात ऊन नसलं तरी सावध राहा, दमट हवेत त्याला आतली गरमी बाहेर टाकता येत नाही. दम लागलाच तर पाणी ओत, पंखा लाव आणि गुंडाळू नकोस. श्वासांचा कागद वहीला चिकटवला आहे, पुढच्या तारखा मी आखून दिल्या आहेत, टिंबं तू दे. तुमच्या जबलपूरला जनावरांचं मोठं कॉलेज आहे. बाईंनी चिठ्ठी दिली आहे, थंडी पडली की नाकपुड्या आणि टाळू दोन्ही दाखवून घे. पुढचा उन्हाळा त्याने या नाकाने काढू नये, असं त्यांचं मत आहे आणि माझंही.

तो गेल्यावर मला करमणार नाही. घरात आणखी कोणीतरी श्वास घेत असतं याची मला सवय झाली आहे, आणि ते श्वास मी इतके दिवस मोजत बसलो. पण तो माझ्याजवळ राहावा यापेक्षा त्याला धाप लागू नये हे मोठं आहे. हे मी एकदा चुकलो आहे.

धुपाटणं चिंचेने घासून ट्रंकेत ठेवलं आहे. तू पाडलेला पोचा तसाच आहे, तांबट ठोकून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. देवांना सध्या फूल आणि समई. त्यांनी अजून तक्रार केलेली नाही. फुलाबाई म्हणते, घरात आता दुसऱ्या कसल्या कसल्या वासांचा पत्ता लागतो. पिठाचा लागतो. तुझ्या आईच्या जुन्या शालीचा लागतो, ती मी कपाटात ठेवून घेतली आहे, ती मागू नकोस.

एक शेवटचं. दिवेलागणीला मी आता त्याला घेऊन ओट्यावर बसतो. आळीतल्या बायका आधी दबकल्या, आता बोलतात. त्यांच्याकडून कळलं की तुझी आई तिथे फारसं बोलायची नाही. नुसती बसायची, आणि याला मांडीवर घ्यायची.

जबलपुरात तुझ्या घरी धूर नसेल, पण संध्याकाळ झाली की हा उठेल, नखं वाजवत दाराशी जाईल आणि तुझ्याकडे वळून बघेल. तेव्हा हातातलं काम ठेव आणि त्याला बाहेर घेऊन बस. त्याला आत ओढू नकोस. मी ओढत होतो.

अण्णा